मिस्त्रींच्या डोक्यातला डेटा

२ मार्च, सोमवार. सकाळी ९:१०

आजपासून रोजनिशी. ज्याला जगाचं नॉलेज मॅनेज करायचंय, त्याने आधी स्वतःचं करावं. (वाक्य चांगलं आहे. रिपोर्टच्या पहिल्या पानावर घालणे.)

शेवटच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट. गेल्या वर्षी मी याच विषयात राहिलो. त्याला माझी तब्येत, गाइडबाईंचा स्वभाव आणि कॉलेजचा प्रिंटर अशी तीन कारणं होती. यंदा तब्येत आणि प्रिंटर ठीक आहेत.

प्रोजेक्ट मामाच्या कंपनीत. कंपनी लिफ्टची देखभाल करते. एकशे चाळीस लिफ्ट, तीन मेकॅनिक. त्यातले म्हातारे मिस्त्री ३१ तारखेला रिटायर होतायत. कुठली लिफ्ट कधी आणि का रुसते हे फक्त त्यांना ठाऊक. कुठेही लिहिलेलं नाही. ते सगळं त्यांच्या डोक्यातून काढून कॉम्प्युटरमध्ये घालायचं, हा माझा प्रोजेक्ट. पुस्तकात याला टॅसिट नॉलेज म्हणतात.

हातात रविवार धरून एकोणतीस दिवस. दिवसाला पाच लिफ्ट म्हटलं तर एकशे पंचेचाळीस. म्हणजे पाच लिफ्ट जास्तच होतात.

३ मार्च, मंगळवार

मिस्त्रींशी ओळख. वाळकुडे, कमी बोलणारे, असं मामा म्हणाला होता. पण स्टूल ओढून समोरच बसले आणि म्हणाले, विचारा भाचेबुवा, कुठून सुरू करू? (ऑफिसात सगळे मला भाचेबुवा म्हणतात. एकदा सगळ्यांना नीट सांगायला हवं.)

मी त्यांना थांबवलं. आधी टेम्प्लेट. टेम्प्लेटशिवाय नॉलेज घेणं म्हणजे खाली बादली न लावता नळ सोडणं. मिस्त्री बरं म्हणाले आणि कामाला गेले.

५ मार्च, गुरुवार

टेम्प्लेट तयार. चौसष्ट कॉलम. एकेचाळिसावा कॉलम ‘ज्ञानाची खोली’. एकक काय धरायचं ते ठरायचंय.

६ मार्च

मिस्त्री स्वतःहून आले. वेळ आहे का, म्हणाले. कॉलमचे रंग ठरत नव्हते. सोमवारी या म्हटलं. बाबांनी संध्याकाळी विचारलं, किती लिफ्ट झाल्या? बाबांना प्रोसेस कळत नाही, त्यांना फक्त आकडा हवा असतो.

९ मार्च, सोमवार. सायंकाळी ७

जबरदस्त दिवस! मिस्त्री पावणेतीन तास बोलले. माणूस नाही, खाण आहे. मी सगळं रेकॉर्ड केलं.

९ मार्च. सायंकाळी ७:४०

आवाज नाही. माइक म्यूट होता. चूक ॲपची. एक स्टार दिला.

हरकत नाही. मुद्दे लक्षात आहेत. विशेषतः टेकडीच्या रस्त्यावरच्या नऊ मजली इमारतीचा. तिथल्या लिफ्टमध्ये दर पंधरा दिवसांनी काहीतरी पुसावं लागतं, नाहीतर उन्हाळ्यात ती दोन मजल्यांच्या मध्ये अडकते. काय पुसायचं ते मिस्त्री सांगत होते तेव्हा मी फॉन्ट बदलत होतो.

११ मार्च, बुधवार

फील्ड व्हिजिट. तीच नऊ मजली इमारत. मिस्त्री लिफ्टमध्ये शिरले, दाराला तळहात लावून उभे राहिले आणि म्हणाले, हं, आज बरी आहे. जणू घरातल्या म्हाताऱ्या माणसाची चौकशी. वर गच्चीवर मशीन रूम. तिथे जायला भिंतीला ठोकलेली लोखंडी शिडी. मिस्त्री सरसर चढले आणि वरून म्हणाले, या, हात लावून बघा, मग कळेल.

मी शिडीचं निरीक्षण केलं. चप्पल त्या कामाची नव्हती. खाली नवव्या मजल्यावर थांबून कॉलम भरले. (इमारतीचा रंग, मजले, कुंडीतली झाडं.)

येताना आठव्या मजल्यावरच्या आजींनी लिफ्ट थांबवली. त्या मुलाबरोबर डायलिसिसला निघाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा जातात. मिस्त्रींना म्हणाल्या, तुम्ही गेल्यावर आमचं कसं व्हायचं? मिस्त्रींनी माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाले, हे आहेत ना, सगळं लिहून ठेवतायत.

मला फार बरं वाटलं.

१३ मार्च, शुक्रवार

मिस्त्रींना सेल्फ असेसमेंट फॉर्म दिला. प्रत्येक विषयातलं आपलं ज्ञान एक ते पाचमध्ये. त्यांनी सगळीकडे तीन लिहिलं. का, विचारलं, तर म्हणाले, अजून शिकतोच आहे की. मी तीन एंटर केलं. डेटा म्हणजे डेटा.

१६ मार्च, सोमवार

विचारपूर्वक दिशा बदलली आहे. माणसांशी बोलण्यात फार वेळ जातो आणि हाती काही लागत नाही. आता बिझनेस डेटा ॲनालिसिस. ऑफिसातल्या कारकूनबाईंनी चार वर्षांच्या तक्रारी कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवल्या आहेत: कुठली लिफ्ट बिघडली, कोणत्या मेकॅनिकने दुरुस्त केली. सोनं आहे सोनं. आणि आम्ही म्हाताऱ्याच्या गप्पा ऐकत बसलो होतो.

१७ मार्च, मंगळवार

सापडलं!

चार वर्षांत दुरुस्त केलेल्या तक्रारी: लंबू १,३१८. चष्मिस १,१०६ (हे बाकीचे दोन मेकॅनिक, नावं मी ठेवलेली). मिस्त्री ९७.

तिघांच्या वाट्याला लिफ्ट जवळपास सारख्याच संख्येने. म्हणजे मिस्त्री चार वर्षं करत काय होते? मी स्वतः हादरलो. मोठा तक्ता केला, रंगीत खांबांचा. मिस्त्रींचा खांब इतका बुटका की त्यावर आकडाही मावत नाही, बाहेर लिहावा लागला.

ताईला दाखवला. ताई नर्स आहे. म्हणाली, अरे शहाण्या, ज्या डॉक्टरचे पेशंट पुन्हा पुन्हा येत नाहीत तो वाईट डॉक्टर का? मी तिला प्रेमाने समजावलं की हे वेगळं क्षेत्र आहे.

१८ मार्च, बुधवार

मामाला तक्ता दाखवला. मामाने एकेका आकड्यावर बोट ठेवून तो वाचला. चार वर्षांत सत्त्याण्णव? म्हणाला, मी तर यांना देव मानत होतो. मी म्हणालो, भावना एकीकडे, डेटा एकीकडे. (हेही पहिल्या पानावर.)

२० मार्च, शुक्रवार

मामाने मिस्त्रींना आजच मोकळं केलं. रिटायरमेंटला अकरा दिवस उरले होते. निरोप समारंभ ठरला होता तोही रद्द. कारकूनबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांना बदल झेपत नसावा.

मिस्त्री जाताना माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, भाचेबुवा, तुमचं राहूनच गेलं की. मी म्हटलं, काळजी करू नका, माझं झालंय.

माझ्या विश्लेषणावर घेतलेला हा कंपनीचा पहिलाच निर्णय. गाइडबाईंना ईमेल केली. त्यांनी अंगठा पाठवला.

२७ मार्च, शुक्रवार

मिस्त्रींच्या लिफ्टच्या या आठवड्यात एकवीस तक्रारी. एरवी वर्षभरात होतात जवळपास तेवढ्या एका आठवड्यात. याचं कारण शोधायला हवं. माझा अंदाज, उष्णता.

३० मार्च, सोमवार

नऊ मजली इमारतीची लिफ्ट पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये अडकली. लंबूने तीन तास खटपट करून खाली आणली. दुपारी पुन्हा अडकली. लंबूने मला फोन केला. म्हणाला, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बघा, काय पुसायचं असतं.

बघितलं. कुंड्यांतली झाडं आहेत.

२ एप्रिल, गुरुवार

लिफ्ट बंदच. मामाने पाठवलं म्हणून इमारतीत गेलो. जिन्यात आठव्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या, एका बाजूने मुलगा, एका बाजूने शेजारी. चौथ्या मजल्यावर खुर्ची टेकवून दोघं घाम पुसत होते. आजींनी मला ओळखलं. म्हणाल्या, अरे, तू लिहून ठेवलं होतंस ना?

मी हो म्हणालो आणि लगबगीने खाली आलो. वर जायचं होतं खरं तर.

४ एप्रिल, शनिवार

मिस्त्रींच्या घरी गेलो. मनाचा मोठेपणा लागतो अशा गोष्टींना. दोन खोल्या, तिसरा मजला, जिना. मिस्त्रींच्या बायकोने चहा दिला, पण कप जरा जोरात ठेवला. मिस्त्री नेहमीसारखेच. म्हणाले, कुणीतरी साहेबांचे कान भरले असणार, एरवी ते तसे नाहीत. मी चहा फुंकत राहिलो.

वही उघडली. म्हटलं, सांगा, काय पुसायचं? मिस्त्रींनी डोळे मिटले, बोटं हवेत हलवली. मग म्हणाले, पॅनेलमध्ये डावीकडे... नाही, दुसऱ्या ओळीत... छे. इथे बसून नाही हो सांगता येत. मशीनपुढे उभं राहिलं की हात आपसूक जातो. मग स्वतःच म्हणाले, मी येऊ का? पंधरा मिनिटांचं काम आहे. त्या आजींचे हाल होत असतील. साहेबांना फक्त एकदा विचारा, त्यांच्या परवानगीशिवाय नको.

मी म्हटलं, सोमवारी विचारतो.

६ एप्रिल, सोमवार

मामा कामात होता.

८ एप्रिल, बुधवार

मामा रिकामा होता, पण नीट विचार केला. मिस्त्री येणार, पंधरा मिनिटांत लिफ्ट चालू होणार, मग मामा तक्ता पुन्हा बघणार. तोंडी परीक्षा आठवड्यावर आहे. रिपोर्ट बाइंड करून झाला आहे. परीक्षा झाली की लगेच विचारायचं. हा पक्का निर्णय.

मिस्त्रींचा फोन आला होता. उचलला नाही. निर्णय झाल्यावर चर्चा कशाला?

१० एप्रिल, शुक्रवार

नऊ मजली इमारतीने काम काढून घेतलं. त्याच रस्त्यावरच्या आणखी चार इमारतींनीही. दुसरी कंपनी नवीच लिफ्ट बसवणार आहे. त्याला तीन महिने. तोवर जिना.

मामा दुपारभर कराराच्या फायली चाळत बसला. एकदाच म्हणाला, तुझा तो तक्ता जरा पुन्हा दाखव. मी म्हटलं, बाइंडिंगला दिलाय.

१५ एप्रिल, बुधवार

तोंडी परीक्षा. सूट घातला. डॅशबोर्ड उघडला तेव्हा गाइडबाई चक्क हसल्या. बाहेरचे परीक्षक मात्र रंगांना बधणारे नव्हते. त्यांनी एकच विचारलं. म्हणाले, या मिस्त्रींकडून तुम्हाला समजलेल्या पाच गोष्टी सांगा. मी चौसष्ट कॉलमांची रचना सांगायला लागलो. ते म्हणाले, बरं, एक सांगा.

मी म्हणालो, काहीतरी पुसावं लागतं.

ते म्हणाले, काय? मी म्हणालो, तो पुढच्या संशोधनाचा विषय आहे.

एकंदरीत चांगली गेली.

१६ एप्रिल, गुरुवार

ठरल्याप्रमाणे मामाला विचारायचं होतं. पण आता ती लिफ्टच आपल्याकडे नाही. प्रश्न आपोआप सुटला.

२० एप्रिल

लंबूने राजीनामा दिला. दिवसाला अठरा-अठरा तक्रारी माणसाने निस्तरायच्या कशा, म्हणाला. तो गेल्यावर कारकूनबाईंनी माझ्यासमोर मोठ्याने मामाला सांगितलं, मिस्त्री दर आठवड्याला आपल्या वाट्याच्या सगळ्या लिफ्ट नुसत्या बघून यायचे. बिघडायच्या आधी. त्याची तक्रार होत नाही, म्हणून नोंद होत नाही. साहेब, मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

मामाने माझ्याकडे बघितलं. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला नाही. म्हणाला, तुला नव्हतं रे कळत. मला तर कळायला हवं होतं. एवढं बोलून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

ताईचं बरोबर होतं हे इथे लिहून ठेवतो. तिला सांगायची गरज नाही.

२२ एप्रिल, बुधवार

मिस्त्रींकडे जाऊन खरं सांगायचं. उद्याच.

२४ एप्रिल

उद्या.

२८ एप्रिल, मंगळवार

निकाल लागला. सविस्तर नंतर.

३० एप्रिल, गुरुवार. सकाळी ११:३०

मिस्त्री ऑफिसात आले होते. मागे राहिलेली हत्यारं घ्यायला. मामा मुद्दाम बाहेर गेला होता. त्याने त्यांना द्यायला पत्र लिहून ठेवलं होतं, चार ओळींचं. मिस्त्रींनी ते न वाचता घडी करून खिशात ठेवलं.

जावयाने काम बघून दिलंय म्हणाले. एका मोठ्या इमारतीत रखवालदारी. खुर्चीवर बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं वहीत लिहायची. तिथल्या लिफ्टच्या दारात काहीतरी घासतंय, पहिल्याच दिवशी कानाला कळलं. पण दुसऱ्या कंपनीची लिफ्ट. हात लावायचा नाही असं इमारतवाल्यांनी लिहून घेतलंय.

मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो. आता सांगायचं, असं जिन्याच्या तोंडाशी ठरवलं. मिस्त्री, तो तक्ता... एवढं म्हणालो. ते थांबले, म्हणाले, हां, तेच विचारायचं राहिलं. तुमची परीक्षा होती ना? पास झालात?

मी हो म्हणालो.

मिस्त्रींचा चेहरा उजळला. हत्यारांची पिशवी खाली ठेवून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, वा. इतक्या वर्षांत मला कुणी समोर बसवून काही विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंत. चला, माझ्यामुळे तुमचं तरी काम झालं.

पिशवी उचलून गेले.

नापास झालोय.