मोतद्दाराची रजा

माधवगंज, लष्कर

तीर्थस्वरूप सौ. मंदाताईस धाकट्या सूर्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. दाजींचा खोकला उतरला का? देवासची हवा तुला मानवत असेल. इकडे आई ठीक, आबा ठीक, मीही ठीक. फक्त घोडा नाही, एवढीच अडचण.

आबांनी घोडदळातला रिसाला सोडून जमाना झाला, पण आताशा ही गोष्टच त्यांच्या डोक्यातून पुसली गेलीय. सकाळी पगडी बांधून पागेकडे निघतात नि इंदरगंजच्या चौकात पोचले की कुठं निघालो तेच विसरतात. मागे हलवायानं घरी आणून सोडलं. (त्याच्याच गादीवर बसून जिलबी खात होते.) आई थकली, म्हणून मी कानपूरच्या मिलमधून रजा काढून धावलो, तर मलाच विचारतात, "कोण पाहिजे?" मग आई त्यांना नई सडकेवरच्या वैदजींकडे घेऊन गेली. विसरभोळेपणाचं मूळ पोटात, म्हणून वैदजींनी पोटासाठी चूर्ण दिलं नि सांगितलं, "खाली पेट देना." म्हणजे उपाशीपोटी. पण आपली आई! साताऱ्याहून लग्न होऊन आली तेव्हापासून तिची हिंदी भाजीवालीच्या पुढं सरकलेली नाही. घरी येऊन तिनं चूर्ण तेलात कालवलं नि मला म्हणाली, "पोटाच्या खाली चोळ, वैद म्हणाले." मीही अकलेचा कांदा (शाळेनं मला उगीच नाही सोडलं), बसलो बेंबीखाली चोळत. त्यात मिरी होती गं! आबा उसळले ते थेट रिसाल्यात जाऊन पडले. "गाढवा, खरारा असा करतात होय? केसांच्या ओढीनं हात चालव! कुणी ठेवला हा मोतद्दार?"

तेव्हापासून मी मोतद्दार, घोड्याचा नोकर. (घोडा कोण, ते मी विचारलं नाही.) सकाळी मुजरा करून सांगतो, "हुजूर, जनावरानं दाणा खाल्ला," की तेही निमूट जेवतात. पागेकडे जाणं बंद! गुण आला म्हणून आई सांगायला गेली, तर वैदजींनी कपाळावर हात मारला, "माताजी, वो खाने की दवा थी!" आई म्हणते, मग नीट सांगायचं ना.

पण उद्या माझी रजा संपते. मोतद्दार गेला की आबा पुन्हा चौकात. तेव्हा दाजींची समजूत काढून तू महिनाभर येच.

तुझा सूर्या

ता. क. येऊ नकोस. वरचं लिहून झाल्यावर आबांकडे रीतसर रजा मागितली. म्हणाले, "मिळणार नाही. आमचा सूर्या कानपूरला एवढ्या मोठ्या हुद्द्यावर, तो मागतो का कधी रजा? शीक जरा त्याच्याकडून." ताई, माझ्याबद्दल हे शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकले. मिलला कळवून टाकलं, नहीं आऊंगा. इथंच सायकलच्या दुकानात बोलून ठेवलंय.

दुसरा ता. क. खरं काम राहिलंच. आबांनी मला हुकूम सोडलाय, सूर्याचं पत्र आलं का ते पोस्टात बघून ये. तर तू माझ्या नावानं एक धाड. हुद्दा वाढला म्हणून लिही. मीच लिहिलं असतं, पण माझ्या अक्षरात हुद्दा वाढलेला कुणाला पटायचा नाही. आणि जमल्यास एक ओळ टाक, की मोतद्दार बरा मिळालाय, त्याला सोडू नका. वाचून दाखवायला मी आहेच.