पाठ न दिसणाऱ्या बायका

प्रिय तावी,

तू रागावून तोरिनोला गेलीस, त्याला येत्या सप्टेंबरमध्ये दोन वर्षं होतील. तुझा हिरवा मखमली झगा अजून माझ्याच कपाटात आहे. सप्टेंबरमधल्या, जुन्या काळच्या पोशाखांच्या मिरवणुकीत आपल्या आळीच्या पुढे कोण चालणार, असं मंडळवाले आठवड्यातून दोनदा विचारतात. मी सांगतो, तावी येईल. ते एकमेकांकडे बघतात.

तुला आठवतं, दर मंगळवारी सायकलचं दुकान बंद ठेवून आपण गाडीनं फ्लोरेन्सला जायचो? तू नऊ वर्षांची होतीस, तुझी आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. संग्रहालयातल्या चित्रांपुढे उभं राहून मी वहीत बाह्या उतरवायचो आणि तू चेस्टनटचा केक खात बाकावर बसायचीस. तो टकला पहारेकरी म्हणायचा, "या, शिंपीदादा. आज बाईसाहेबांच्या अंगावर किती टाके आहेत?" आणि मग, "मागे व्हा हो, नाक लागेल चित्राला." हसू दे त्याला. शिवणाची शाळा मी पाहिली नाही. बाही वेगळी शिवून खांद्याला फितीनं बांधायची, मधल्या फटींतून आतला पांढरा सदरा फुगवून बाहेर काढायचा, हे मला त्या पाचशे वर्षांपूर्वीच्या बायकांनी शिकवलं. शेजारच्या आळीतले लोक सदऱ्याऐवजी फटीत नुसत्या चिंध्या कोंबतात. लांबूनही कळतं.

एकच गोष्ट त्या बायकांनी सांगितली नाही. सगळ्या समोरून नाहीतर एका अंगानं बसलेल्या, पाठ एकीचीही दिसत नाही. पुढे झगा आवळायची नाडी दिसेना, म्हणून ती पाठीवरच असणार असं मी ठरवलं, आणि ठरवलं म्हणजे ठरवलं. तुझी नाडी मीच ओढायचो. शेवटच्या वर्षी तू म्हणालीस, "बाबा, श्वास घेता येत नाही. थोडा सैल कर." मी म्हणालो, "चित्रातली बाई तक्रार करत नाही." तू म्हणालीस, "तिच्या बापानं शिवणीत माया ठेवली असेल. तू कापडात सुद्धा ठेवत नाहीस." मिरवणूक संपल्यावर झगा खुर्चीवर टाकलास आणि सकाळच्या गाडीनं गेलीस. मला राग कसला आला, सांगू? मखमलीला घडी पडली याचा. असा माणूस मी.

मार्चमध्ये आपल्या देवळात डाव्या भिंतीवरची चित्रं साफ करायला परांची बांधली होती, दिवे लावले होते. बाळंतिणीच्या खोलीचं ते चित्र मी चाळीस वर्षं बघतोय, म्हणजे बघत नव्हतो. व्यक्तिचित्र नाही ना ते, म्हणून त्यातले कपडे कधी नीट पाहिलेच नाहीत. कोपऱ्यात पाणी ओतणारी एक दासी आहे. तिनं हात वर उचललाय आणि काखेखालून कमरेपर्यंत नाडी दिसतेय. कुशीला! तीही सैल, मधून सदरा दिसतोय. तुझी दीनाआत्या शेजारी होती. म्हणाली, "इवानो, यात नवल काय? बाई काय एकाच मापाची राहते? आणि स्वतःची नाडी स्वतःला बांधता यायला नको?" मी म्हणालो, तुझंच बरोबर. तिला अजून खरं वाटत नाही.

मग मी झगा उसवला. पाठ बंद केली, दोन्ही कुशींना नाडी घातली. एका बाजूला अकरा भोकं, काठ हातानं शिवलेली, यंत्रानं नाही. ओढली की तुझं जुनं माप, सोडली की वीतभर जागा, आणि ती फट चूक दिसत नाही. शिवाय शिवणीत दोन बोटं माया ठेवली आहे.

गेल्या रविवारी आत्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझ्या पोटमाळ्यावरचा पाळणा वाळवीनं खाल्ला की आहे?" दुसरं काही बोलली नाही. तिच्यावर चिडू नकोस, तिला गुपित ठेवायला कधी जमलंच नाही. मीही काही विचारणार नाही, कोण, कुठला, काहीच नाही. मिरवणुकीत चालायचं असेल तर चाल, नसेल तर खिडकीतून बघ. मंडळाचं मी बघून घेईन. फक्त छातीखालचा घेर मोजून कळव, पोटाचाही, आणि श्वास आत ओढून मोजू नकोस. या महिन्याचं माप पाठव. मग पुढच्या महिन्याचं पाठव.

तुझाच,
बाबा