गप्पींच्या मुली

३ जानेवारी १९५४, सकाळी ७
संकल्प : यंदा शोध लावायचाच. कॉलेजात मी डेमॉन्स्ट्रेटर असलो तरी डोकं प्रोफेसरचं आहे.
आई म्हणते, चौथीही मुलगीच झाली, आता दुसरं लग्न कर. देवासचे संताजीराव भाची द्यायला तयार आहेत. मला हौस नाही. पण मातृआज्ञा! तरी मी सायन्सचा माणूस. आधी पुरावा, मग मांडव.

४ जानेवारी
कॉलेजातून गप्पी मासे आणले. यांत नर रंगीत, मादी फिकी, त्यामुळे पिलं मोठी झाली की मुलगा-मुलगी लगेच कळतं. तीन बरण्या, तीन कुंवार माद्या, नर एकच, पाळीपाळीनं. मादी बदलली की मुलगे होतात, हे सिद्ध करणार.

१२ फेब्रुवारी
पहिल्या बरणीत पिलं! रजिस्टर इंदिरेकडे सोपवलं. बायकोचं अक्षर चांगलं आहे, आणि मला विचार करायचा असतो. तिनं X-Y म्हणजे काय विचारलं. उदार मनानं समजावलं : या माशांत आईकडे दोन्ही X, बापाकडे एक X एक Y, बापाचा Y आला तर मुलगा. ती म्हणाली, म्हणजे ठरवतो बाप? म्हटलं, मी माशांबद्दल बोलतोय.

१० एप्रिल
पहिली बरणी : बावीस माद्या, नर शून्य. अपेक्षितच. मादी सदोष.

९ मे
दुसरी बरणी : अठरा माद्या. नळाचं पाणी खराब आहे.

६ जून
तिसरी : एकवीस माद्या. उन्हाळा फार. आईबरोबर खजरान्याला जाऊन गणपतीला माशांसाठी नवस बोललो. सायन्समध्ये बसत नाही, पण कोण बघतंय?

१३ जून, रविवार
संताजीराव बोलणी पक्की करायला आले. मी आत नवा कोट चढवत होतो. तेवढ्यात इंदिरेनं चहा दिला आणि रजिस्टर वाचून दाखवलं. माझ्याविरुद्ध अवाक्षर नाही. त्यांनी विचारलं म्हणे, नर तो वही का वही था? ती म्हणाली, होय, तोच.
मला पाहून ते उठले. म्हणाले, दौलतराव, माफ करना भिया, भाचीला चौथी बरणी नाही करायची.
फार अपमान वाटला. आईनं माझ्याशीच बोलणं टाकलं आहे.

१४ जून
इंदिरा मुलींना सांगत होती, तुमच्या बाबांनी शोध लावला. थोरलीनं विचारलं, कसला? ती म्हणाली, आईची काही चूक नव्हती, हा.
तिघींनी टाळ्या वाजवल्या. चौथीला अजून वाजवता येत नाहीत.