मारवेलचं गवत अन् सुकरीच्या कोंबड्या

आलापल्लीजवळून, भाद्रपद, १९५७

तीर्थरूप कमळाबाईले धाकट्या इसरूचा पाया पडून नमस्कार. तुह्ये गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला बसला काय? इथी आम्ही सारे बरे आहो, अन् ते तुह्यामुळे, म्हणून हे पत्र जरा लांबणार. चष्मा लावून बस.

तू राजुऱ्याहून मारवेलच्या गवताचं पोतंभर बी पाठवलं, ते तळ्याजवळच्या पडीत जागेत पेरलं. मागच्या उन्हाळ्यात चारा संपला, तेव्हा कपिली गाय रुखमाच्या माहेरी नेऊन बांधा लागली होती. ती गेल्यावर रुखमा रोज रिकामा गोठा झाडत राहे (झाडायसारखं तिथी काहीच नव्हतं). पावसाळ्यात गाय परत आणली अन् ठरवलं, आता हिले दारातून हलवायचं नाई. पण बी टाकलं अन् मुंग्या आल्या. माह्याआधी त्यांनीच चाऱ्याची साठवण केली. पुन्हा पेरलं. कोंब बोटभर झाले, तर शेजारच्या वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरूनच, अळ्यांची फौज निघाली. आज हिरवं दिसे, तिथी उद्या नुसत्या काड्या.

मी सकाळच्या दवात राख फेकायले गेलो. वारा फिरला, अन् राख अळ्यांवर कमी, माह्यावरच जास्त पडली. तेवढ्यात वाटेनं म्हातारा मुखरू आला (त्याले कमी दिसते). त्यानं मले साधू समजून लोटांगण घातलं अन् पोरीचं लग्न औंदा जुळते काय म्हणून विचारलं. मी इसरू आहो म्हणावं, तर तोंडात राख! मान तेवढी हलवली. तेव्हापासून तो पाहुण्यांची वाट पाहून राह्यला.

रुखमा म्हणाली, "आंग धुवा अन् फावडं घ्या." अळ्या चालतच येतात, तर त्यांच्या वाटेत नाली खोदू, असा तिचा विचार. उभ्या काठाची नाली खोदली. अळ्या पडल्या, वर चढता येईना. पण अशा पडल्या का नालीच भरत आली. तेव्हा शेजारची सुकरी डोक्यावर कोंबड्यांचा डाला घेऊन आली. तिच्या बांधीत धानाचा रोवणा अर्धा राह्यला होता, तो सोडून.

"कोंबड्या माह्ये कोंब उकरतीन ना!" मी म्हणालो.

"खाली पोटभर भेटल्यावर वर काऊन चढतीन, भाऊ?" (एक कोंबडा चढलाच. त्याले रुखमानं पदरानं हाकललं.)

गवतात शिरलेल्या अळ्या वेचायले मोहल्ल्यातल्या बाया रांगेनं बसल्या. कोणी बोलावलं नव्हतं. मी सुकरीले हात जोडले, तर म्हणते, "मले काऊन? कोंबड्याइले जोडा." मी खरंच जोडले, बाई. आता गवत गुडघ्याले लागते. रोज पाहतो अन् तुह्यी आठवण येते.

तुहा,
इसरू

ता. क. कपिली हे गवत तोंडात धरत नाई. वास घेते, माह्याकडे पाहते अन् छपराचं तणस ओढते. तुह्यी गाय मारवेलवरच वाढली. तिले इकडे पाठव, ती आमचीले शिकवन.

आणखी ता. क. रुखमा वाचून हसून राह्यली. म्हणते, राजुऱ्याहून गाय चालत येते काय, सरळ लिहा. तर सरळ लिहितो. बाबा गेल्यापासून तू आली नाईस. भाऊबीजेले ये. गाय भाऊजींपाशी राहू दे.