औशाच्या लग्नासाठी लेन्स

४ फेब्रुवारी
लातूरहून परत. डॉक्टर म्हणाले, वडलांना घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. म्हणजे संपलंच! आणि बसमध्ये अप्पा विचारतात काय, “नंदे, औशाच्या लग्नाला लेन्स कोणती?” औसा गावची ऑर्डर, दहा तारखेची.

५ फेब्रुवारी
आपल्या स्टुडिओत एकच लेन्स, फिफ्टी — झूम न होणारी. औशाचं कार्यालय लांबलचक, उजेड पिवळा, स्टेजसमोर मोबाईलवाल्यांची भिंत! लातूरचा दयानंद लेन्स भाड्यानं देतो. म्हणाला, “चोवीस-सत्तर न्हाईतर सत्तर-दोनशे. एकच मिळंल, ताई, लग्नसराई हाय.” सगळं मावणारी घ्यावी, की लांबून एक चेहरा वेचणारी?

अप्पांचं ठरलेलं — “झूम आळशाची. पाय हायत ना? जवळ जा.” चाळीस वर्षं उदगिरात फिफ्टीवर लग्नं काढली. आम्हा लिंगायतांत मयताला बसवतात, तेव्हाचे शेवटचे फोटोसुद्धा. स्वतःचा मात्र एक नाही! कॅमेरा वळवला की तोंडावर पंचा. “फोटोवाल्याचा कशाला फोटो?” आधार कार्डावर ‘शिवप्पा’ नावाशेजारी आहे तेवढाच, त्यात चोरासारखे दिसतात.

मला अप्पांचा एक फोटो हवाय. बास.

८ फेब्रुवारी
सत्तर-दोनशे आणली. अप्पा म्हणाले, “वरवंटा हाय की!”

समोरच्या किराणा दुकानाच्या ओट्यावरून तपासली. अप्पा स्टुडिओच्या दारात खुर्चीवर. चहावाल्या सरजाबाईंना काहीतरी बोलले आणि हसले — दोनशेवर टिपले! त्यांना पत्ताच नाही. मिळाला!! उद्या कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरवर उतरवते.

९ फेब्रुवारी
नाही उतरवला. अप्पांना ताप. दिवसभर पट्ट्या.

१० फेब्रुवारी
बॅग अप्पांनीच भरली. अंगात ताप होता तरी लेन्स पुसल्या, कॅमेरा तपासला, कोरी कार्डं, त्यांची पाकिटं. प्रत्येक कार्डाला पाकीट, वर गिऱ्हाईकाचं नाव — त्यांची शिस्त.

कार्यालयात पोचल्यावर सवयीनं कॅमेऱ्यातली दोन्ही कार्डं (प्रत्येक फोटो दोन्हींवर पडतो) फॉरमॅट केली, पार पुसली. नवं लग्न, साफ कार्ड. अक्षता पडायला लागल्या तेव्हा आठवलं, अप्पांचा हसरा फोटो त्यातच होता. बोट चालूच राहिलं. कसं राहिलं कोण जाणे.

११ फेब्रुवारी
लग्नाचे फोटो झकास आलेत. आग लागो त्यांना!

१३ फेब्रुवारी
दयानंदकडे कार्डं नेली, लेन्स न्यायचं विसरले. त्यानं दोन तास खटपट केली. “वरून अख्खं लगीन पडलंय, ताई. न्हाई निघत.”

आता पुन्हा काढू म्हटलं तर अप्पांचा चेहरा सुजलाय. ते दारातले अप्पा गेलेच. मीच पुसले.

१७ फेब्रुवारी
अप्पा लिंगैक्य झाले.

१८ फेब्रुवारी
काल भिंतीला टेकवून बसवलं, विभूती, हार. उमाशंकरकाका म्हणाले, “तुझ्याच हातचा फोटो पायजे, बाळ.” फिफ्टी लावली. जवळ गेले. तोंडातून निघालं, “इकडं बघा.” बायका ढसाढसा रडल्या. बटण दाबलंच नाही माझ्यानं.

भिंतीवर आधार कार्डावरचाच लावणार म्हणे.

२१ फेब्रुवारी
लेन्स परत द्यायची म्हणून कव्हर झटकलं. आतल्या खिशात पाकीट, आत कार्ड. लग्नाच्या सकाळी अप्पांनी कॅमेऱ्यातल्या दोनातलं एक काढून कोरं घातलं होतं! गिऱ्हाईकाच्या नावाच्या जागी वाकड्यातिकड्या अक्षरात — शिवप्पा. खाली — “फोकस बरोबर हाय. झूम इकत घे. पुसू नको.”