डोंगराचा घास

शनिवार, २६ जुलै

बालसभा संपली, माझी भीती संपली नाही. 

क्रमाने लिहिते, म्हणजे भीती निदान रांगेत उभी राहील. माझ्या चौथीच्या वर्गाला या आठवड्यात डोंगर खाणाऱ्या राक्षसाची जुनी गोष्ट सांगितली. रोज एक घास खातो, शेवटी डोंगराला जांभई येते आणि राक्षसच तिच्यात गडप होतो. डोंगराला तोंड नसतं, मग जांभई कशी? तर हे नुसतं बोलणं, भाषेचा दागिना! मग मला हुशारी सुचली. आपल्या देवळातलं गाऱ्हाणं तरी वेगळं काय? मानकरी 'बा देवा म्हाराजा' म्हणून मागणं मांडतो, गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो. सगळे दागिनेच. म्हटलं, पोरांनो, गोष्टीतले शब्द घ्या आणि एकेक गाऱ्हाणं रचा.

आज पालकांसमोर म्हणून दाखवली. प्रीतमने देवाला गणिताचा पेपर उंदराच्या पोटात घालायला सांगितलं. लोक हसले. मग नम्रता उठली. नाव नम्रता! हात जोडून, डोळे मिटून —

"बा देवा म्हाराजा, शाळेमागच्या डोंगराचो जेणी घास घेतलो, तेचो घास डोंगराक घेवंदे!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा वर्ग एका दमात.

शाळेमागे लवू शेटची चिऱ्याची खाण. पावसात तळं होतं, कुंपण नाही. लवू शेट शाळा समितीचा अध्यक्ष, पहिल्या खुर्चीत. डोक्यावर फिरणारा पंखा त्यानेच दिलेला.

तो हसला. "बाई, पोरांका बरा शिकवतास!" दात हसले, डोळे नाही.

मी साप्ताहिकात टोपणनावाने गावोगावच्या पुढाऱ्यांची सालटी काढते. इतकं नेमकं वाक्य मला एकदाही जमलेलं नाही. आधी हेवा वाटला — खोटं कशाला लिहू! मग आठवलं, नम्रताचा बाप सिद्धेश लवूचाच डंपर चालवतो.

सोमवार, २८ जुलै

मुख्याध्यापक ओमकार गुरुजी व्हरांड्यात गाठून म्हणाले, "मॅडम, पुढच्या खेपेला फुलपाखरू वगैरे घ्या." आवाज असा, जणू फुलपाखराचीही वर ओळख आहे.

लवू सिद्धेशला काहीच बोलला नाही म्हणे. तेच वाईट. बोलणारा माणूस परवडतो.

गुरुवार, ३१ जुलै

लवू खाणीत पडला.

पाणी उपसायचा पंप बघायला काठावर गेला होता. माती सुटली, मातीसकट खाली. सिद्धेशनेच उडी मारून बाहेर ओढला. गोव्याला इस्पितळात नेलंय. शुद्ध नाही.

वर्गात गेले तर टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता. एरवी या शांततेसाठी मी जीव टाकते. प्रीतम उठला.

"बाई, तुमी सांगितल्लात, डोंगराक तोंड नसता."

 

शुक्रवार, १ ऑगस्ट

नम्रताच्या बाकावर कुणी बसत नाही.

दुपारचा भात वाढणारी मथुरा तिचं ताट जमिनीवरून पुढे सरकवते. हातात देत नाही. मी बाजूला घेतलं. "अगो मथुरा, नऊ वर्षांचं पोर ते!"

"म्हणान काय झाला? वाचा खरी आसा तिची. माझ्या झिलाचा लगीन ठरता हा, माका तिच्या तोंडाक लागाक नको."

दुपारी भाषेच्या तासाला उपमा अलंकार घेतला. चंद्र कशासारखा? कुणी बोलेना. शेवटी प्रीतमला उभा केला. बराच वेळ विचार करून म्हणाला, "चंद्रासारखो."

कशालाही कशासारखं म्हणायला वर्ग तयार नाही. काय भरवसा, व्हायचं खरं! मी हसायला हवं होतं. फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

रविवार, ३ ऑगस्ट

सिद्धेश घरी आला. भिजलेला, बसेना.

"बाई, ती बोलणाच नाय. तोंड हातान दाबून निजता. काल एकदाच बोलली. इचारता, बाबा, मनात बोल्ला तरी लागता काय?"

लवूच्या बायकोने, यशोदेने, देवळात मागणं टाकलंय — पोरीने गाऱ्हाणं परत घ्यावं. मंगळवारी. देवळातला मानकरी धोंडू गावकार विचारणार, पोरीने सगळ्यांसमोर 'माझं' म्हणायचं आणि मागे घ्यायचं.

"आणि एवढं करून लवू वाचला नाही तर?"

सिद्धेशने भिजलेली टोपी उंबऱ्याबाहेर पिळली. "मगे तिका फोंडाघाटाक मावशीकडे धाडूचा लागतला. कायमचा."

नऊ वर्षांची मुलगी, आणि जन्मभर आपल्या जिभेवर मेलेला माणूस घेऊन फिरणार! कुडाळच्या बँकेत ठेवींवरचं व्याज मोजणारा माझा नवरा दत्तप्रसाद म्हणाला, "तू यात पडू नको." पडू नको! शब्द तरी बघून वापर बाबा.

अंधश्रद्धेवर मी इतके लेख लिहिले. आज सिलिंडर संपल्यावर 'मरो तो गॅसवाला' ओठांपर्यंत आलं, आणि गिळलं. पाणी पिऊन गिळलं.

मंगळवार, ५ ऑगस्ट

सभामंडप गच्च. नम्रता मध्ये उभी, फ्रॉकची कड मुठीत. यशोदा खांबाला टेकून, रडून सुकलेली. तिच्यावर मला राग धरता येईना, ही आणखी एक पंचाईत.

धोंडू गावकाराने विचारलं, "ह्या गाऱ्हाणा कोणाचा?"

पोरीचा हात तोंडावर गेला.

"बोल गो बाय. कोणाचा?"

हात निघेना. मागून कुणी बाई पुटपुटली, "बघलास? देवाफुडे पण उघडणा नाय."

"माझं," मी म्हटलं.

आवाज इतका बारीक, की मलाच वाटलं शेजारची बोलली. परत म्हटलं. "वाक्य माझं. मी रचलं, तिच्याकडून पाठ करून घेतलं. तिला अर्थही ठाऊक नाही."

"बाई, देवाफुडे उभ्या आसात."

"म्हणूनच सांगते."

 देवाला घाबरले की गावाला, कळलं नाही. तिथे दोघं एकाच बाजूला होते. हात जोडले. "बा देवा म्हाराजा, हे शब्द माझे. काय असेल ते माझ्या पदरात घाल."

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव. 

पायऱ्यांवर नम्रता माझ्याजवळ आली. किती दिवसांनी तोंड उघडलं. "बाई, माझाच होता मा?"

"गोष्ट कुणी सांगितली?"

"तुमी."

"घास हा शब्द असा वापरायला कुणी शिकवला?"

"तुमी."

"मग?"

तिने विचार केला. "म्हणजे माझा न्हय."

"तुझं नव्हे."

सुटली ती! चिखलातून उड्या मारत बापाकडे. मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं वाक्य चोरलं, आणि चोरलं तेही माझ्या सगळ्या लिखाणाहून चांगलं.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

लवू पहाटे गेला.

नम्रता शाळेत आली. प्रीतमच्या शेजारी बसली, त्याच्या डब्यातली अर्धी भाजी खाल्ली, अखंड बडबडली. मथुराने ताट तिच्या हातात दिलं. माझं टेबलाच्या कडेला ठेवून गेली.

दुपारची हजेरी घेतली. तिच्या नावापाशी आले तशी ती उठून दारापर्यंत मागे सरकली.

"बाई, माझा नाव घेव नकात."