चार गिअर मागे, एक पुढे

४ मार्च

काढलं! बाबांचं हवेवर थंड होणारं इंजिन आज बग्गीतून उतरवलं; त्या जागी पाण्याने थंड होणारं बसवणार. मागच्या दोन चाकांमध्ये आता नुसतं भगदाड. बारा वर्षं त्यांनी ही उघडी, चारचाकी बग्गी वाळूत पळवली. मग पाच वर्षं झाकून ठेवली, कारण दर टेकडीला तापून बसायची. "पाण्याचं इंजिन घालतेस? मग नळही बसव," म्हणाले आणि आत गेले.

पैज ठरली आहे. १५ तारखेला, रविवारी, बग्गी मोठी टेकडी चढली तर ती माझी, आणि मी वाटेल तिकडे जाणार. नाही चढली तर बग्गी भंगारात आणि मी कायमची गॅरेजात, बाबांच्या हाताखाली. "आजवर काय पुरं केलंस तू?" म्हणे. शाळा नाही, टायपिंग नाही — मान्य. हे करणार!

७ मार्च

नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला थेट बसत नाही. मध्ये लोखंडी प्लेट लागते. ती पलीकडच्या लेथवाल्याने कातून दिली. सगळे त्याला चष्मा म्हणतात. म्हणाला, इंजिन कुठल्या अंगाने फिरतं ते नीट बघून घे, उलटं असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. पुढेही काही सांगत होता. मी लेथवरून निघणारा लोखंडाचा किस बघत होते — निळा-जांभळा, हातभर लांब! एक घरी आणला.

९ मार्च

बघितलं. जुनं इंजिन घड्याळाच्या काट्यांसारखं फिरायचं, हे नवं उलटं! तसंच जोडलं तर गाडी मागे पळेल, म्हणून गिअरबॉक्स उघडून आतला मोठा दातेरी क्राऊन दुसऱ्या अंगाला बसवला. दोन दिवस गेले, दोन नखं गेली. बाबा येता-जाता बघत होते.

११ मार्च

इंजिन मागे, रेडिएटर पुढे, पोटाखालून दोन लांब पाइप. पाणी भरलं, चालू केलं — पाच मिनिटांत तापमानाचा काटा लालवर. बाबा आतून खाकरले. मुद्दाम!

चष्म्याने सांगितलं, पाइपात हवा अडकली आहे, नाक वर कर. पुढची चाकं विटांवर चढवली. तासभर बुडबुडे. मग काटा मध्यावर आला आणि तिथेच बसला.

खाकरा आता!

१४ मार्च

पहिला गिअर टाकला, क्लच सोडला — बग्गी मागे जाऊन पत्र्याच्या कपाटावर आदळली. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे मागे. पुढे जाते ती फक्त रिव्हर्समध्ये, आणि वाळूच्या चढाला लागणारा वेग त्या एका गिअरात मिळायचा नाही.

मग डोक्यात प्रकाश पडला. जुनं इंजिन मी पट्ट्याच्या बाजूने पाहिलं होतं आणि नवं त्याच्या समोरच्या, गिअरबॉक्सच्या बाजूने. दोन्ही एकाच अंगाने फिरतात! क्राऊन आधी होता तोच बरोबर होता. आता परत उघडायचं तर दोन दिवस. आणि उद्या रविवार.

"मग? भंगारवाल्याला बोलावू?" — बाबा.

म्हटलं, टेकडी चढायचं ठरलंय बाबा. तोंड कुठे करून, ते नाही ठरलेलं.

१५ मार्च

चढली!!! उलटी!

पूर्ण वेळ मान मागे. वारा रेडिएटरला लागेना, काटा सरकत सरकत लालच्या एक रेघ अलीकडे. अर्ध्यावर चाकं रुतायला लागली. पाय काढला नाही. जीव गेला तरी काढणार नव्हते. माथ्यावरून बाबा खिळ्याएवढे दिसत होते. चष्मा खाली नाचत होता.

"चढली खरी," बाबा म्हणाले. एवढंच.

१७ मार्च

न विचारता बाबांनीच गिअरबॉक्स उघडला. काल आणि आज, जेवणसुद्धा शेडमध्येच. क्राऊन पूर्वीच्या जागी. "माझी पोर गावभर पाठमोरी फिरायला नको," म्हणे! संध्याकाळी एक फेरी मारून आले. बराच वेळ खाली उतरलेच नाहीत.

पिशवी भरली. सकाळी निघते. वाट ठरवायला नकाशा उघडला आणि भलत्याच देशातल्या नद्यांची नावं वाचत बसले.

१८ मार्च

उठले तर शेडमध्ये बग्गी नाही. बाबाही नाहीत.

अकराला फोन आला, दोनशे किलोमीटरवरून. "काटा जागचा हलत नाही गं! जरा पुढपर्यंत जाऊन येतो." कुठपर्यंत, विचारलं. हसले. हसताना मी त्यांना किती वर्षांनी ऐकलं.

पैज मी जिंकले, हे इथे लिहून ठेवते. बाहेर एक गिऱ्हाईक बंद पडलेली स्कूटर धरून केव्हाचं उभं आहे. जाऊन शटर उघडते.